एक ग्रिल माशासाठी

तुमच्या मंडळाच्या पिकनिकला मासा का चालत नाही? आणि चालत नाही, हे नेमकं ठरवलं कुणी?

माझ्या बाबांची पत्रकं अशीच सुरू व्हायची. वर ठळक अक्षरांत एक प्रश्न, खाली चार परिच्छेद आणि शेवटी एक विनंती. भंडारा जिल्ह्यात, एका जुन्या तलावाच्या काठी आमचं गाव आहे. तिथल्या ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्थेचं काम बाबा बघायचे. तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाला का, धानाला पाणी सोडताना मासे पकडणाऱ्यांना विचारत का नाहीत, असे त्यांचे प्रश्न असत. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला त्यांवरच शिकले. जाळं मात्र कधी हातात घेतलं नाही. "तू शीक, पाण्याचं आम्ही बघतो," असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ढीवराची मुलगी असूनही मी या उन्हाळ्यापर्यंत स्वतःच्या हाताने एकही मासा पकडला नव्हता.

मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहते आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. उन्हाळ्यातल्या लाँग वीकेंडला आमच्या मराठी मंडळाची पिकनिक असते. यंदा उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी केबिन घ्यायच्या आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, असं ठरलं. त्याची मीटिंग अमोलदादाच्या बेसमेंटमध्ये झाली. अमोलदादा पुण्याचा, मोकळ्या स्वभावाचा, मंडळाची सगळी धावपळ अंगावर घेणारा माणूस. त्याने मेनू वाचून दाखवला. मिसळ, मठ्ठा, शिवाय पार्कातल्या दोन्ही ग्रिलवर मक्याची कणसं आणि पनीर.

"तळ्याकाठी जायचं आणि मासा नाही?" मी विचारलं.

"पिकनिक व्हेज असते, स्नेहल. आपलं पहिल्यापासून तसंच आहे."

"कुणी ठरवलं?"

"कुणी म्हणजे... लोकांच्या भावना असतात यार."

"दादा, ऑफिसच्या पार्टीत याच भावना चिकन विंग्जच्या बादलीत बुडालेल्या मी स्वतः पाहिल्यात."

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "चिकनचं वेगळं असतं. माशाचा वास येतो." मी म्हटलं, ग्रिल दोन आहेत, एक वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवू, म्हणजे वास पलीकडे जाईल. ज्यांना नको त्यांनी इकडे बसावं, ज्यांना हवा त्यांनी तिकडे. खोलीत थोडी चुळबुळ झाली. हो कुणी म्हटलं नाही, आणि नाहीही कुणी उघडपणे म्हटलं नाही.

अमोलदादाने हसत तोडगा काढला. "बरं, डील करू. तू स्वतः पकडलेला मासा आण. स्टोअरमधला चालणार नाही. आणलास तर एक ग्रिल तुझं. नाही आणलास तर मेनूवर पुन्हा एक शब्द काढायचा नाही."

"आणि आणला तर दर वर्षी एक ग्रिल माशाचं."

"डन! आधी पकड तर."

टाळ्या पडल्या. सगळ्यांना ती गंमत वाटली होती, आणि 'आधी पकड तर' मलाच फार बोचलं होतं. मला काय येत होतं? पत्रकाची घडी घालता येत होती.

निघताना ड्राइव्हवेमध्ये माधवकाका माझ्यासाठी थांबले होते. काका निवृत्त डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे. तरुणपणीच इथे आले आणि इथलेच झाले. टाळ्या वाजवत नव्हते ते तेवढे एकटेच.

"तुला गळ टाकता येतो?"

"नाही, काका."

"मला येतो. आमच्या केबिनमध्ये एक खोली जास्तीची आहे, आमच्याबरोबर चल. आधी मासेमारीचं लायसन्स काढ मात्र. लायसन्सशिवाय होडीत घेणार नाही."

शुक्रवार : दुधाशेजारची गांडुळं

रस्त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. मक्याची शेतं संपतात, पाइनची झाडं सुरू होतात आणि सुनंदाकाकूंच्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या त्याआधीच संपतात. काकू सांगलीच्या. जन्मापासून शाकाहारी, बोलायला ठसठशीत. मी कशासाठी चालले आहे हे त्यांना माहीत होतं. त्यावर त्या गाडीत चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्याची मला जरा भीतीच वाटत होती.

तळ्याच्या अलीकडे एक बेटशॉप लागलं. म्हणजे गळाचं सामान, आमिष, पेट्रोल आणि सँडविच असं सगळं एकत्र मिळणारं दुकान. फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी जिवंत गांडुळांचे डबे रचून ठेवलेले.

"अगं बाई, दुधाशेजारी!" काकूंनी फ्रिजचं दार पटकन लावून टाकलं.

दुकान चालवणाऱ्या बाईंचं नाव कॅरल. पांढरे केस, उन्हाने रापलेले हात. काय पकडणार म्हणून त्यांनी विचारलं.

"बास," काका म्हणाले.

बास हा गोड्या पाण्यातला मासा. हिरवट अंग, कुशीवर काळपट पट्टा आणि शरीराच्या मानाने भलतंच मोठं तोंड. गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी घेतो, म्हणून इथल्या लोकांचा त्याच्यावर फार जीव. कॅरलबाई खूश झाल्या. "आमच्या तळ्यातला बास जोरात भांडतो बरं!"

"आणि चवीला कसा असतो?" मी विचारलं.

शेजाऱ्याचा कुत्रा चवीला कसा, असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हनी, बास खात नाहीत. खायचा तो वॉलआय. बासशी दोन हात करायचे, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा."

"खायला कायद्याने बंदी आहे?"

"नाही. ठरलेल्या संख्येत ठेवता येतो."

"मग?"

त्या विचारात पडल्या. "मग... आम्ही खात नाही, एवढंच."

मला मोठ्याने हसू आलं. हा सूर मी त्या बेसमेंटमध्ये ऐकला होता. माणसं इतक्या लांबून येऊन वेगवेगळ्या देवांना नमस्कार करतात, पण कुणाच्या ताटात काय असावं हे बोलताना आवाज अगदी एकसारखा होतो.

केबिन लाकडी होती. पुढे डासांसाठी जाळी लावलेला ओटा, आणि ओट्यावरून दिसणारं तळं. पाणी काळसर, पैलतीराला पाइनची भिंत, मधूनच लून पक्ष्याची लांबलचक हाक. आमच्या तलावात संध्याकाळी म्हशी आणि माणसं एकत्र डुंबतात, इथे काठावर चिटपाखरू नव्हतं. एवढं पाणी आणि त्यावर एकही आरडाओरडा नाही, याची सवय व्हायला मला वेळ लागला.

काकूंनी घरून आणलेली कढई, सुरी आणि मिसळणाचा डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडला आणि पहिल्यांदाच विषयाला हात घातला. "हे बघ स्नेहल, तू पकड, तुझं काय ते कर. पण माझ्या कढईत आणि माझ्या सुरीखाली मासा यायचा नाही."

"नाही येणार, काकू. मी माझी सुरी आणलीय."

"मसाला?"

"तोही आणलाय."

"हं," काकू म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. काका खाली मान घालून पिठलं वाढून घेत होते.

शनिवार : टोपी पकडली

सकाळी आम्ही काकांच्या छोट्या अॅल्युमिनियमच्या होडीतून निघालो. हे तळं काकांनाही नवीन होतं. ते मासे पकडायचे ते घराजवळच्या तळ्यात, तिथला प्रत्येक खडक त्यांच्या ओळखीचा.

"अनोळखी तळं म्हणजे नवा पेशंट," ते म्हणाले. "आधी बघायचं, विचारायचं, मगच सुई."

त्यांनी मला रॉड कसा धरायचा ते शिकवलं. बोटाने दोरी दाबायची, रॉड मागे न्यायचा, पुढे आणताना योग्य क्षणी बोट सोडायचं. हे लिहायला सोपं आहे. माझी दोरी पहिल्यांदा पायाशी पडली, दुसऱ्यांदा रिळात तिचा असा गुंता झाला की काकांनी खिशातून डोळ्यांजवळ धरायचं छोटं भिंग काढलं. तिसऱ्या वेळी मी जोर लावला. गळ मागे जाताना काकांच्या टोपीत अडकला आणि टोपी गळासकट झोकात तळ्यात जाऊन पडली.

"पहिला कॅच!" काका म्हणाले. "सोडून देणार का ठेवणार?"

दुपार होईपर्यंत आम्ही काठ धरून फिरलो. खडकांजवळ, पडलेल्या झाडापाशी, जेट्टीच्या सावलीत. माझ्या गळाला पाणवनस्पती लागली, फांदी लागली, बोटाएवढे सनफिश येऊन आमिष कुरतडून गेले. खांदा दुखायला लागला. काका थांबू या का म्हणाले तेव्हा मी नाही म्हटलं. मला रविवारी रिकाम्या हाताने त्या पार्कात उभं राहायचं नव्हतं.

मग काकांच्या रॉडने एकदम वाकून सलाम केला. पाणी फुटलं, हिरवं अंग हवेत उसळलं, डोकं झटकून परत आत गेलं. काकांनी घाई केली नाही. ओढ दिली, सैल सोडलं, पुन्हा ओढलं, आणि थोड्या वेळाने मासा होडीच्या कडेला आला. त्यांनी अंगठ्याने त्याचा खालचा जबडा धरून वर उचलला. केवढा देखणा मासा! मी कूलरचं झाकण उघडलं. तोवर काकांनी चिमट्याने गळ सोडवला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, आणि सोडला.

माझं झाकण उघडंच होतं.

"काका!"

ते आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिले. "सवयीने गेला गं."

आता मी भडकले. सकाळपासूनचा राग होताच. "काका, हे मला कळतच नाही. पकडून खाल्ला तर समजू शकते. पण त्याचं तोंड फोडायचं, धाप लागेपर्यंत दमवायचं आणि वर उपकार केल्यासारखा सोडून द्यायचा? आमच्याकडे विणीच्या दिवसांत जाळं टाकू नका म्हणून बाबा पत्रकं काढायचे. ते सोडणं मला मान्य आहे. पण ज्यांना एरवीही खायचाच नाही त्यांनी पकडायचा कशाला? भुकेसाठी मासा मारणारा माणूस गावंढळ आणि करमणुकीसाठी गळ टोचणारा निसर्गप्रेमी, हा कुठला न्याय?"

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

"खायचा नाही असं कोण म्हणालं? मी रेवदंड्याचा आहे, स्नेहल. मी शाळेतून आलो की आधी चुलीवर काय आहे ते वासाने ओळखायचो. आमच्याकडे मासा नाही असं जेवण म्हणजे आजारपण."

"मग?"

"मग सुनंदाशी लग्न केलं. माझ्या पसंतीने, घरच्यांशी भांडून. ती म्हणाली, घरात मासा नको. मी म्हटलं, ठीक. इतकं काय ते. त्या वेळी इथे आमच्यासारखी मोजकी माणसं, सगळे एकमेकांकडे जेवायचे. कुणाच्याच घरी मासा दिसेना, तर मीही नाही म्हटलं. हॉटेलात खाल्ला कधीतरी. पांढरा, चौकोनी, लिंबाची फोड ठेवलेला. तो काय मासा?" ते हसले. "इथल्या एका सर्जनने मला गळ टाकायला शिकवलं. पकडला की घरी कुठे नेणार? म्हणून सोडत गेलो. तळ्यावरच्या लोकांना वाटतं डॉक्टर मोठे तत्त्वाचे आहेत. माझं तत्त्व एवढंच की माझ्याकडे मासा शिजवायला जागा नाही."

माझ्या भाषणातलं एकही वाक्य आता कुठे बसत नव्हतं. मी त्यांना टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बाजूला उभं केलं होतं, आणि ते माझ्याच बाजूला, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त काळ, एकटे उभे होते.

"उद्याचा मासा तुमचा," मी म्हटलं.

"तू आधी पकड तर," काका म्हणाले, आणि या वेळी ते शब्द बोचले नाहीत.

दुपारी वीज कडाडली तशी आम्ही होडी काठाला लावली. पाऊस सरल्यावर संध्याकाळी पुन्हा निघालो, या वेळी तळ्याच्या टोकाच्या एका उथळ आखातात. तिथे कमळासारख्या पानांचा हिरवा गालिचा पसरलेला होता. ते बघताच मला आमचा तलाव आठवला. अशाच पानांखाली मरळ दबा धरून बसते आणि वरून बेडूक गेला की झडप घालते. मी काकांना सांगितलं. काकांनी डब्यातून रबराचा बेडूक काढला, ज्याचे गळ पोटाला चिकटलेले असतात म्हणजे पानांत अडकत नाहीत. बास आणि मरळ एकमेकांचे कुणी लागत नाहीत, पण राहणी मात्र सारखीच दिसते.

मी बेडूक पानांवर टाकला. थोडा ओढला, थांबवला, पुन्हा थोडा ओढला. दोन पानांच्या फटीत तो पोहोचला आणि पाणी खालून फाटलं. खळ्ळकन आवाज झाला. मी जिवाच्या आकांताने रॉड मागे खेचला. बेडूक हवेतून माझ्या कानाजवळून गेला, रिकामा.

"डोळ्यांनी ओढलास," काका म्हणाले. "पाणी उडालं की लगेच ओढायचं नाही. त्याला तोंड मिटू दे. हाताला वजन लागलं की मग."

त्यानंतर अंधारून येईपर्यंत पानं हलली नाहीत.

रविवार : हाताला वजन

सकाळी तळ्यावर धुकं होतं. ओट्यावर आले तर काकू चहा घेऊन उभ्या. "स्वेटर घाल," म्हणाल्या, आणि काकांच्या खिशात दोन लाडू कोंबले. मासा मिळेल का, हे विचारलं नाही.

त्याच आखातात गेलो. काकांनी स्वतःचा रॉड उघडलाच नाही. वल्ह्याने होडी हळूहळू सरकवत राहिले. मी बेडूक टाकत राहिले. हात आता सांगितल्याप्रमाणे वागत होता, दोरी जिथे हवी त्याच्या आसपास तरी पडत होती. ऊन वर आलं, धुकं विरलं. पलीकडच्या काठावरून हाका ऐकू येऊ लागल्या. आमचे लोक पार्कात जमत होते. कुणीतरी स्पीकर लावून बघत होतं.

"अजून थोडा वेळ आहे," काका म्हणाले. वेळ नाही असाच त्याचा अर्थ होता.

मी आखाताच्या अगदी आतल्या कोपऱ्यात बेडूक टाकला, जिथे पानं दाट आणि पाणी काळं होतं. ओढला. थांबवला. पाणी फाटलं.

माझे दोन्ही हात उडी मारायला तयार होते. मी त्यांना धरून ठेवलं. बेडूक दिसेनासा झाला, पानं डचमळली, मी अजून थांबले. मग दोरी बाजूला चालायला लागली आणि हाताला वजन आलं. खरंखुरं, जिवंत, मला ओढणारं वजन.

"आता!"

रॉड वाकला. मासा पानांत घुसला, देठांचा झुबका घेऊन बाहेर आला, पुन्हा आत गेला. काका काय काय सांगत होते, मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी दातओठ खाऊन त्याला सांगत होते, "ये, ये, ये रे बाबा." तो आला. काकांनी जाळीने उचलला. कालच्या काकांच्या माशापेक्षा लहान, पण ठेवण्यासारखा. गच्च हिरवा, आणि रबरी बेडूक तोंडात घट्ट मिटलेला.

काकांनी त्याला कूलरमधल्या बर्फावर ठेवेपर्यंत मी झाकणावर हात धरून होते. त्यांच्या हातांच्या सवयीचा भरवसा नव्हता.

केबिनच्या मागे मासे साफ करायची जाळीची खोली असते. शेजारचा एक गोरा माणूस वॉलआयची कातडी काढून गुळगुळीत फिलेट करत होता. मी खवले काढले, पोट साफ केलं, डोकं ठेवलं आणि काट्यासकट तुकडे केले. त्याने थांबून पाहिलं. "डोकंसुद्धा?" "डोकं आधी," मी म्हटलं. गावात आत्या आणि काकी बाजाराच्या दिवशी कापायच्या, ते शेजारी बसून पाहिलेलं होतं. हात ते कधी शिकले, मला माहीत नाही.

पार्कात मी कूलर उघडला तेव्हा अमोलदादाने आत वाकून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि मोठ्याने ओरडला, "लोकहो, स्नेहलने आणला यार!" माणूस शब्दाचा पक्का. त्याने स्वतः दुसरं ग्रिल वाऱ्याच्या खालच्या बाजूला ओढत नेलं आणि कोळसे पेटवून दिले. मी तुकड्यांना हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण चोळत होते.

"हे कापणं-बिपणं कुणी शिकवलं तुला?" त्याने विचारलं.

"कुणी नाही, पाहून पाहून. आम्ही ढीवर आहोत."

आजूबाजूला मिसळीच्या डिश घेऊन पाच-सात जण उभे होते. एकदम शांतता झाली. कुणी फरसाण चमच्याने खालीवर करायला लागलं. मग कुणीतरी समजुतीच्या स्वरात म्हणालं, "अगं, इथे कुठे कोण ते बघतं आता."

"माणसं बघत नसतील," मी म्हटलं, "मेनू बघतो."

ती शांतता मी मोडणार नव्हते. बाबांनी शिकवलंय, प्रश्न विचारला की उत्तराला जागा द्यायची. पण उत्तर भलत्याच बाजूने आलं. गर्दीतून वाट काढत सुनंदाकाकू आल्या, हातात मिसळणाचा डबा.

"चिंच लावलीस का?"

"लिंबू आणलंय, काकू."

"ह्यांना आमसूल लागतं." त्यांनी डबा उघडून चार आमसुलं माझ्या तळहातावर ठेवली. "ह्यांची आई घालायची. मला माहितीये."

माधवकाका ग्रिलपाशी उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला की मी पटकन कोळशांकडे पाहिलं.

"सुनंदा, तुला चालेल?" ते अगदी हळू म्हणाले.

"मला काय व्हायचंय? मी म्हटलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात नको. अख्खी अमेरिका काय माझं स्वयंपाकघर आहे?"

"मला वाटलं, तू नाक मुरडशील."

"मुरडलंच असतं! नाक मुरडणं म्हणजे नाही म्हणणं होतं का? इतकी वर्षं तळ्यावर जाऊन हात हलवत परत येताय, मला वाटलं तुम्हाला मिळतच नाही. एकदा विचारायचं तरी होतं, माणसा!"

हसता हसता अमोलदादाच्या हातातला चिमटा पडला.

पहिला तुकडा काकांना दिला. आमसूल विरघळून कडेला काळपट झालं होतं. त्यांनी बोटांनी काटा काढला, घास तोंडात ठेवला आणि सावकाश चावून गिळला. मग म्हणाले, "जरा जास्त भाजलास." आणि दुसरा तुकडा उचलला.

त्यानंतर माणसं एकेक करून वाऱ्याच्या खालच्या बाजूला येऊ लागली. वसईचा एक प्रोग्रामर आला, म्हणाला, "थोडासाच." एक ताई आल्या, "माझी आई जवळा करायची" म्हणत. मीटिंगमध्ये मागून 'वास येतो' म्हणालेला आवाज आला आणि त्याने डोकं मागितलं! ज्यांना वास नको होता त्यांनी खुर्च्या उचलल्या आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेल्या, तिथे कणसं खाल्ली, आणि कुणाच्याही भावनांना काही झालं नाही. एक मासा, एवढी माणसं. प्रत्येकाला घासभरच मिळाला. मला एक काटा मिळाला, तो मी चोखून खाल्ला.

संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं केलंस. पण एका ग्रिलने काय होतंय? लिही, आणि पुढे दे."

म्हणून हे लिहिलं. त्या तळ्यावर मला जे कळलं ते पकडण्यापेक्षा विचारण्याबद्दल जास्त आहे. बेसमेंटमध्ये नाही कुणीच म्हटलं नव्हतं. काकूंनीही म्हटलं नव्हतं. जो तो दुसऱ्याच्या न बोललेल्या नकाराला मान देत बसला होता, आणि त्याची किंमत नेहमी त्याच त्याच माणसांनी मोजली होती. ज्यांच्या घरचं जेवण 'वास येतो' या दोन शब्दांत बाहेर ठेवता येतं, त्यांनी.

तर माझी विनंती. तुमच्या पुढच्या पिकनिकचा, गणपतीचा, कुठल्याही एकत्र जेवणाचा मेसेज ग्रुपवर टाकायच्या आधी थांबा. जो माणूस मेनू ठरवताना नेहमी गप्प असतो, त्याला आज फोन करा. काय चालेल, हे विचारू नका. "तुमच्या घरी काय करतात, ते घेऊन याल का?" एवढंच विचारा, आणि त्याच्यासाठी एक ग्रिल रिकामं ठेवा.